तुरीची तेजी किती वर्षांनी येते?

औसा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालक असलेल्या ताईंनी विचारलं आहे : "आमच्याकडे सगळे म्हणतात की तुरीत दर तीन वर्षांनी तेजी येते. पाऊस, बाजार, तंत्रज्ञान, अर्थव्यवस्था सगळंच चक्राने फिरतं, असंही वाचनात येतं. मग हे चक्र ओळखून डाळ मिल कधी टाकायची आणि गोदाम कधी बांधायचं, हे ठरवता येईल का?"

ताई, आधी थेट उत्तर देतो. तेजी-मंदीचं चक्र खरं आहे. 'दर तीन वर्षांनी' हा हिशेब मात्र डोक्यातून काढून टाका. मी लातूरच्या आडत बाजारात पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, लिहिण्यापासून सुरुवात केली, पुढे बरीच वर्षं डाळ मिलसाठी तुरीची खरेदी सांभाळली आणि आता तुमच्यासारख्या कंपन्यांना खरेदी-साठवणुकीचा सल्ला देतो. एवढ्या काळात कॅलेंडर बघून फिरणारं चक्र मला बाजारात दिसलं नाही. जी दिसली ती एकाच गोष्टीवर चालतात : निर्णय कधी झाला आणि त्याचा माल कधी आला, या दोन्हींमधल्या उशिरावर. हा उशीर किती, हे कळलं की चक्राच्या लांबीचा अंदाज येतो. आणि निर्णय झालाय पण बाजारात अजून पोचलेला नाही असा माल किती आहे, हे कळलं की मंदी किती खोल जाईल तेही बरंचसं कळतं.

२०१६ चा पाऊस घ्या. त्याआधीची दोन वर्षं वाईट गेली होती. देशात मोसमी पाऊस २०१४ मध्ये सरासरीच्या ८८ टक्के आणि २०१५ मध्ये ८६ टक्के झाला. मराठवाड्यातली तूर गेली, शेजारच्या कलबुर्गीकडचीही गेली. ऑक्टोबर २०१५ मध्ये तूरडाळ किरकोळीत २०० रुपये किलोपर्यंत चढली. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्यानंतर जूनमध्ये शेतकरी पेरायला निघाला तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर दोनशेचा भाव होता. सरकारने बोनस धरून क्विंटलला ५,०५० रुपये हमीभाव दिला होता. पाऊसही साधला. ज्याच्याकडे दोन तास (ओळी) तुरीचे असायचे त्याने चार घातले, कुणी सलग तूर पेरली. देशाचं उत्पादन २०१५-१६ मध्ये साधारण २५ लाख टन होतं, ते २०१६-१७ मध्ये ४८ लाख टनांच्या पुढे गेलं. २०१७ च्या सुरुवातीला हा माल आला तेव्हा भाव हमीभावाच्या बराच खाली होता. खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, बारदाना संपला, शेतकरी मालाजवळ मुक्काम ठोकून बसले.

याच पावसाची दुसरी बाजू बघा. २०१६ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मांजरा धरण भरलं. वर्षभर कोरड्या पडलेल्या विहिरींना पाणी आलं. पाणी दिसलं की आपल्याकडे ऊस लागतो, तसा तो लागला, आणि राज्यभर लागला. महाराष्ट्राचं साखर उत्पादन २०१६-१७ च्या हंगामात साधारण ४२ लाख टन होतं, २०१७-१८ मध्ये ते १०७ लाख टन झालं. देशाचं २०३ लाख टनांवरून सुमारे ३२५ लाख टन. साखर इतकी पडली की जून २०१८ मध्ये केंद्राला किलोला २९ रुपये किमान विक्री दर ठरवून द्यावा लागला, आणि उसाची बिलं थकली.

पाऊस एकच. त्याने तुरीत मंदी आणली सहा-सात महिन्यांनी, साखरेत दीड वर्षाने. हा फरक आला कुठून? तूर पेरल्यापासून पाच-सहा महिन्यांत हाती येते. उसाला बारा महिने लागतात, आडसाली असेल तर अठरा, आणि वर खोडवा. कोथिंबिरीचा भाव सव्वा-दीड महिन्यात फिरतो. कालवड जन्मल्यापासून दुधावर यायला अडीच-तीन वर्षं जातात, म्हणून दुधाची तेजी-मंदी लांबते. मोसंबीचं झाड चौथ्या-पाचव्या वर्षी फळ धरतं. जालन्याकडे २०१२-१३ च्या दुष्काळात ज्यांच्या बागा वाळल्या, त्यांची जागा भरून निघायला किती काळ गेला ते त्या भागातल्या कुणालाही विचारा. दोन किलोमीटरची पाइपलाइन असली की वाल फिरवल्यावर पाणी शेवटच्या वाफ्यात उशिरा पोचतं. तोवर अधीर माणूस वाल आणखी फिरवतो आणि मग वाफा फुटतो. बाजारात हेच होतं. फरक एवढाच की इथे वाल फिरवणारे लाखो असतात आणि एकाला दुसऱ्याचा हात दिसत नाही.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. जर्मनीत १९२० च्या दशकात आर्थर हानाऊ या अभ्यासकाने डुकराच्या मांसाच्या भावात हाच खेळ दाखवून दिला : भाव चढला की शेतकरी जास्त पिलं वाढवतो, ती मोठी होऊन बाजारात येतात तेव्हा भाव पडतो, मग सगळे हात आखडतात आणि पुन्हा टंचाई होते. १९३४ मध्ये निकोलस काल्डोर यांनी या मांडणीला कोळ्याच्या जाळ्याचं नाव दिलं, कारण आलेखावर तशीच आकृती उमटते. या मांडणीचं सगळं वजन एका गृहीतकावर आहे : पेरणारा माणूस आजचा भाव उद्याही राहील असं धरतो. शहरातले लोक याला शेतकऱ्याचं अज्ञान म्हणतात, ते मला पटत नाही. जूनमध्ये पेरताना जानेवारीतला भाव सांगणारा आकडा त्याला कुणी देतो का? तुरीचे वायदे, म्हणजे पुढच्या महिन्यांतल्या मालाचे आजच ठरणारे सौदे, जानेवारी २००७ पासून बंद आहेत. हरभऱ्याचे ऑगस्ट २०२१ मध्ये आणि सोयाबीनचे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये थांबवले. वायदे बाजारात सट्टा होतो हे खरं, पण पुढच्या महिन्यांचा भाव दिसण्याची तीच एक खिडकी होती. ती बंद झाल्यावर शेतकऱ्याकडे उरला तो मागच्या हंगामाचा भाव. त्याच्यावर पेरणी केली तर चक्र जोरात फिरणारच.

आता तुमच्या तीन वर्षांबद्दल. माणसाच्या डोळ्याला चक्र नसतं तिथेही चक्र दिसतं. रशियन अर्थशास्त्रज्ञ युजेन स्लुट्स्की यांनी १९२७ मध्ये सरकारी लॉटरीत निघालेले आकडे घेतले, त्यांच्या लागोपाठच्या बेरजा केल्या आणि आलेख काढला. जी रेघ आली ती एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या तेजी-मंदीच्या आलेखाशी हुबेहूब जुळणारी निघाली. लॉटरीच्या आकड्यांत कसलं आलंय चक्र? पण आकस्मिक धक्के एकात एक मिसळत गेले की लाटा तयार होतात, आणि लाट दिसली की आपण दोन शिखरांमधली वर्षं मोजायला लागतो. तुरीची ठळक तेजी २०१५ मध्ये आली, तशी पुढची थेट २०२३-२४ मध्ये. मध्ये आठ वर्षं गेली. सोयाबीन ऑगस्ट २०२१ मध्ये लातूरला दहा हजारांच्या घरात गेलं, आणि २०२४ च्या हंगामात ४,८९२ रुपये हमीभाव असताना त्याच्याही खाली विकलं. यात तीन वर्षांचा नेम बसवायचा म्हटला तर सोयीची वर्षं तेवढी निवडावी लागतील.

निसर्गाच्या चक्राबाबतही हीच सावधगिरी हवी. सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांनी वाढतात-घटतात. विल्यम जेव्हन्स या मोठ्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८७८ मध्ये व्यापारी संकटांची सांगड या डागांशी घातली. त्याच्या साखळीत हिंदुस्थानातली पिकंही होती : डागांमुळे हवामान बदलतं, इथली पिकं बुडतात, मग इथल्या लोकांची विलायती माल घेण्याची ऐपत जाते आणि तिकडे मंदी येते. कल्पना हुशार होती, पण आकडे तिला साथ देईनात. त्यानंतर गिल्बर्ट वॉकर १९०४ मध्ये भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख झाले. १८९९ च्या भीषण दुष्काळाची आठवण ताजी होती आणि मोसमी पावसाचं भाकीत कसं करायचं हा प्रश्न समोर होता. जगभरच्या नोंदी चाळताना त्यांना दिसलं की प्रशांत महासागराच्या एका टोकाला हवेचा दाब वाढतो तेव्हा दुसऱ्या टोकाला घटतो, आणि याचा आपल्या पावसाशी संबंध आहे. एल निनोची, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापण्याची, गोष्ट इथून सुरू होते. वॉकर यांचं म्हणणं टिकलं, कारण पुढे समुद्राचं तापमान आणि वारे यांनी त्यामागची खरी यंत्रणा दाखवून दिली. म्हणून कुणी चक्र सांगितलं की मी पहिला प्रश्न विचारतो : हे फिरवतंय काय?

आणि यंत्रणा माहीत असलेलं चक्रसुद्धा नेमाने फिरत नाही. एल निनो दोन ते सात वर्षांच्या अंतराने केव्हाही येतो. बहात्तरच्या दुष्काळात तो होता, २००२ मध्ये होता, २००९ मध्ये होता, २०१५ मध्येही होता. पण १९९७ मध्ये शतकातला एक सर्वांत बलवान एल निनो असताना देशात पाऊस सरासरीच्या १०२ टक्के पडला. हिंदी महासागराची स्थिती त्या वर्षी आपल्या बाजूने होती. म्हणून एल निनोची बातमी आली की मी कुणाला 'पेरू नका' म्हणत नाही, 'कर्ज जपून घ्या' म्हणतो.

मराठवाड्यात पावसाच्या चक्रावर आपण आपलं एक चक्र चढवलेलं आहे. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. तो पाणी साठवतो ते भेगांत आणि मुरमात, म्हणजे थोडंच. एक चांगलं वर्ष आलं की तो भरतो, दोन वाईट वर्षांत तळ दिसतो. भरला की आपण ऊस लावतो आणि बोअर मारतो, उसाने पाणी ओढलं की पुढच्या कमी पावसाच्या वर्षी पिण्यालाही उरत नाही. २०१२-१३, मग २०१४ ते २०१६, मग २०१८ या टंचाईच्या वर्षांत पाऊस कमी होता हे खरंच. पण त्याआधीच्या बऱ्या वर्षांतलं पाणी कुठे गेलं, हाही प्रश्न आहे. तुमच्या भागात लोकांनी हा हिशेब गावाच्या बैठकीत मांडावा असं मला मनापासून वाटतं.

तंत्रज्ञानाचं चक्र मात्र वेगळ्या जातीचं आहे. भाव वर जातो आणि परत खाली येतो. तंत्रज्ञान आलं की मागची जागा पुन्हा मिळत नाही. सोयाबीन आल्यावर ज्वारी, मूग, उडीद मागे सरले. ज्वारीला मधूनमधून चांगला भाव आला तरी ते क्षेत्र परत आलेलं नाही, कारण सोयाबीनची काढणी मळणी यंत्राने होते आणि ज्वारी काढायला, मोडायला माणसं लागतात. कापसात बीटी बियाणं २००२ मध्ये आलं, दुहेरी जनुकाचं २००६ मध्ये. काही वर्षं बोंडअळी नाहीशीच झाली होती. मग सगळ्या शिवारात एकच तंत्र, तेही वर्षानुवर्षं, आणि वर फरदड. हंगाम संपल्यावरही फेब्रुवारी-मार्चपर्यंत शेतात कपाशी उभी ठेवल्यामुळे गुलाबी अळीला बारमाही अन्न मिळत गेलं आणि बीटीला दाद न देणाऱ्या अळ्या वाढल्या. २०१७ मध्ये परभणी, बीड, जालना भागात बोंडं फोडली तर आत अळी आणि किडकी सरकी. हे चक्र मोडता येतं, कारण या अळीची गुजराण मुख्यतः कपाशीवरच होते. डिसेंबरमध्ये कपाशी उपटली, पऱ्हाटी शेतातून हलवली, खोल नांगरट केली आणि जूनआधी लागवड टाळली, तर अळीच्या अन्नाची साखळी तुटते. एकट्याने करून भागत नाही, अख्ख्या गावाने करावं लागतं. बाजाराच्या चक्राचीही नेमकी हीच अडचण आहे.

डाळ मिलमध्येही तंत्रज्ञान असंच येतं. रंगानुसार दाणे वेगळे करणारं सॉर्टर यंत्र ज्या मिलवाल्यांनी आधी बसवलं त्यांच्या डाळीला वरचा भाव मिळाला. सगळ्यांकडे ते आल्यावर तो जादा भाव गेला आणि सॉर्टर नसलेल्या मालाच्या भावात कपात व्हायला लागली. तुम्ही मिल टाकाल तेव्हा हे यंत्र नफ्याच्या बाजूला धरू नका, ते खर्चातच धरा.

अर्थव्यवस्थेच्या मोठ्या चक्रांची नावं तुम्ही वाचली असतील. किचिन यांचं साधारण ४० महिन्यांचं साठ्याचं चक्र, जुग्लार यांचं ७ ते ११ वर्षांचं गुंतवणुकीचं, कोंद्रातिएफ यांचं अर्ध्या शतकाचं. पहिली दोन मला उपयोगाची वाटतात, कारण त्यांच्यामागचा उशीर कळतो : एकात गोदामातला माल संपायला लागणारा वेळ, दुसऱ्यात कारखाना उभा राहून चालू व्हायला लागणारा. तिसऱ्यावर माझा भरवसा नाही. अर्ध्या शतकाची चक्रं मोजायला इतिहासात पुरेशी शतकंच नाहीत.

तुमच्या कंपनीपर्यंत हे मोठं चक्र पोचतं ते व्याजाच्या वाटेने. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२२ पर्यंत ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ झाला. तुमची एक कोटीची कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाच्या कर्जाची) मर्यादा पूर्ण वापरात असेल आणि बँकेने ही सगळी वाढ तुमच्यावर टाकली, तर वर्षाला अडीच लाख जादा जातात. तेजीत बँकेचा माणूस मर्यादा वाढवून घ्या म्हणून स्वतः येतो, कारण तारण मालाची किंमत चढलेली असते. मंदीत तीच किंमत उतरते आणि मर्यादा नको त्या वेळी आखडते. जालन्याच्या सळईवाल्यांनाही हा अनुभव आहे आणि वाळूजला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्यांनाही.

आता तुरीच्या चक्रातलं सरकारचं स्थान. सरकार या चक्राच्या बाहेर उभं आहे असं समजू नका, तेही उशिराने वागणारा एक खेळाडू आहे. डाळ महागली म्हणून जुलै २०१६ मध्ये मोझांबिकशी आयातीचा करार झाला, आणि माल यायच्या वेळी इथे तूर मावत नव्हती. मग ऑगस्ट २०१७ मध्ये आयातीला वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. भाव चढू लागल्यावर मे २०२१ मध्ये आयात पुन्हा खुली केली. जून २०२३ मध्ये साठामर्यादा लावली. २०२५ च्या सुरुवातीला नवी तूर आली तेव्हा भाव ७,५५० च्या हमीभावापर्यंत आणि काही ठिकाणी त्याच्याही खाली उतरले, आणि त्याच सुमारास शुल्कमुक्त आयातीची मुदत मार्च २०२६ पर्यंत वाढवली गेली. म्यानमार, मोझांबिक, टांझानिया, मलावी इथले शेतकरी बरीच तूर आपल्या बाजारासाठीच पिकवतात. म्हणजे औशाच्या शेतकऱ्यासारखाच तिकडचा शेतकरीही आपला भाव बघून पेरतो, आणि त्याचा माल जहाजाने येतो. हा दुसरा उशीर हिशेबात धरल्याशिवाय तुरीचा अंदाज पुरा होत नाही.

मिलकडे येतो. मिलचं पोट तुरीच्या भावावर भरत नाही. ते भरतं तूर आणि डाळ यांच्या भावातल्या फरकावर. एक क्विंटल तुरीतून ७० ते ७५ किलो डाळ निघते, बाकी चुनी (डाळीचा चुरा) आणि टरफल. तूर घेतली, चाळली, रोलरवर चिरली, तेल-पाणी लावलं, उन्हात वाळवली, भरडली, डाळ विकली, आणि उधारी वसूल झाली, यात महिना सहज जातो. समजा तुमच्याकडे कायम १,००० क्विंटल तूर फिरती असते. तूर ५,००० असताना त्यात ५० लाख अडकतात, १२,००० झाली की १ कोटी २० लाख. काम तेवढंच, भांडवल सव्वादोनपटीहून जास्त. आणि त्या महिन्यात तूर क्विंटलला ५०० रुपयांनी उतरली तर ५ लाख गेले. भरडाईतून एवढी कमाई व्हायला कित्येक दिवस मिल चालवावी लागते. म्हणून तेजीत मिल टाकणं दुहेरी जोखमीचं आहे : भांडवल जास्त लागतं आणि घसरण पुढेच उभी असते. त्यात तेजीच्या वर्षात तुमच्यासारखे अनेकजण एकाच वेळी यंत्रांची मागणी नोंदवतात. त्यांच्या मिल उभ्या राहतात तेव्हा तूर तेवढीच असते आणि घेणारे वाढलेले असतात. फरक तिथेच आटतो.

म्हणून मिल टाकायचीच असेल तर मंदीच्या दुसऱ्या वर्षाकडे लक्ष ठेवा. त्या सुमारास बंद पडलेल्या मिल विक्रीला किंवा भाड्याला निघतात, यंत्रवाले भाव करायला तयार होतात आणि बारा-पंधरा वर्षं मुरलेला मिस्त्रीही मिळतो. मिस्त्रीची गोष्ट मी मुद्दाम सांगतोय. रोलरवर तूर किती चिरायची आणि पाणी मारून किती तास मुरवायचं, हे त्या दिवशीच्या तुरीवर ठरतं. बीडीएन ७११ सारख्या पांढऱ्या वाणाला एक रीत लागते, लाल तुरीला दुसरी. दाणा फुटला तर चुनी वाढते, आणि दोन टक्के उतारा (तुरीतून निघणारी डाळ) गेला तर वर्षाचा नफा गेला.

अंदाज घ्यायचा तो असा. मेअखेर ते जून तुमच्या टापूतल्या पाच-सहा बियाणे दुकानांत जाऊन तुरीच्या पिशव्या कशा चालल्यात ते विचारा. आपल्याकडे बरीच तूर सोयाबीनमध्ये आंतरपीक असते, म्हणून सोयाबीनच्या चार तासांना तुरीचे दोन तास आहेत की सलग तूर आहे, हे जुलैत रस्त्याने जाताना डोळ्यांनी बघा. ऑगस्टनंतर आफ्रिकेतल्या मालाच्या बातम्या ठेवा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ढगाळ हवा आणि धुई राहिली की फुलगळ होते आणि अळीही वाढते, तेव्हा तोवरचे सगळे अंदाज पुन्हा तपासा. जानेवारीत स्वतः यार्डात जाऊन ढिगात हात घाला. दाणा दाताखाली धरला आणि कट्‌कन फुटला तर माल वाळलेला आहे. तेजीच्या वर्षात शेतकरी घाईने ओली तूर आणतो, दाणा दाताखाली दबतो, आणि आवक सुरुवातीलाच दाटते. चांगला वाळवलेला माल थोडा थोडा येत असेल तर घरोघर तूर थांबवून ठेवलेली आहे असं समजा. मग मार्च-एप्रिलमध्येही आवक चालू राहते.

गोदामाचं उत्तर वेगळं आहे, कारण गोदाम तूर, सोयाबीन, हरभरा सगळ्यांना लागतं आणि वर्षभर चालतं. त्याला तेजी-मंदीची वाट बघायची गरज नाही. केंद्राच्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ७ वर्षं ३ टक्के व्याज सवलत मिळते, शेतकरी उत्पादक कंपन्याही त्यात बसतात. सभासदांना पणन मंडळाची शेतमाल तारण योजना समजावून सांगा : मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, ६ टक्के व्याजाने, सहा महिने. फक्त एक भेद त्यांच्या मनात पक्का करा. काढणीच्या वेळी भाव पडतो तो आवक दाटल्यामुळे, आणि दोन-तीन महिन्यांत बहुधा सावरतो. तिथे माल तारण ठेवण्यात शहाणपण आहे. पण देशभरातच पीक दुप्पट झालेलं असेल, २०१७ सारखं, तर सहा महिने थांबून हाती काही लागत नाही आणि व्याज अंगावर बसतं. त्या वर्षी हमीभाव केंद्रावर नोंदणी पहिल्या दिवशी करा आणि उरलेला माल टप्प्याटप्प्याने काढा.

येत्या हंगामात तुम्ही यंत्र घेऊ नका. जवळच्या एखाद्या चालू मिलशी मजुरीवर भरडाईचा करार करा, कंपनीची तूर तिथे भरडून घ्या आणि डाळ स्वतःच्या पिशवीत विका. प्रत्येक लॉटचा उतारा, चुनी, वाळवणीतली घट आणि उधारी किती दिवसांनी आली, हे सगळं वहीत लिहा. दोन हंगामांच्या या नोंदी घेऊन बँकेत गेलात तर तुमच्या प्रकल्प अहवालात स्वतःचे आकडे असतील. करार डिसेंबरच्या आत करून घ्या. जानेवारीत नवी तूर आली की मिलवाला स्वतःच्या खरेदीत गुंततो आणि मजुरीचा दर वाढवून सांगतो.